टेलपर्यंत गारवा

मे महिन्यात गंगाखेडला पारा ४३-४४ अंशांवर गेला की त्याची बातमी होत नाही. गोदावरीच्या पात्रातली वाळू दुपारी पाय ठेवू देत नाही आणि पत्र्याची घरं सूर्य बुडाल्यावरही तास-दोन तास भट्टीसारखी धगधगत राहतात. जनाबाईंच्या या गावातून परभणीकडे, परळीकडे, नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यांवर मालट्रकची ये-जा मोठी आहे: सोयाबीन, कापूस, ऊस, साखर. हा सगळा माल उन्हाला भीत नाही. पण गोदाकाठचा शेतकरी आता केळीकडे, भाजीपाल्याकडे, फळबागांकडे वळतो आहे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात अर्धापूर आहे, तिथल्या केळीला दूरवरच्या बाजारात नाव आहे. आणि इथून नवी मुंबईचा बाजार सुमारे पाचशे किलोमीटर लांब आहे. या अंतरात फळ जिवंत ठेवायचं तर शीतवाहन हवं. गाडीवाल्यांच्या भाषेत, रीफर.

रीफर म्हटलं की लोक विचारतात, मशीन किती टनाचं? कॉम्प्रेसर कुणाचा? डिझेल किती खातं? पंखा कसा आहे, हवा कुठून निघते आणि कुठून परत येते, हे फारसं कुणी विचारत नाही. माल मात्र बहुतेक वेळा तिथेच बिघडतो. हा लेख त्या पंख्याबद्दल आणि त्याच्या वाऱ्याबद्दल आहे.

फळ श्वास घेतं

गावागावांतून गोळा केलेलं दूध केंद्रावर ४ अंशांपर्यंत थंड करतात आणि टँकरमध्ये भरून पाठवतात. त्या टँकरला बहुधा शीतयंत्र नसतं. जाड थर्मल आवरण असतं, बस. दूध एकसंध द्रव आहे, ते स्वतः उष्णता तयार करत नाही आणि एवढ्या मोठ्या साठ्याचं तापमान काही तासांत फारसं वाढत नाही.

फळाचं तसं नाही. झाडावरून तोडल्यावरही ते श्वास घेत राहतं. ऑक्सिजन आत, कार्बन डायऑक्साइड बाहेर आणि सोबत उष्णता. दहा टन कच्ची केळी १३-१४ अंशांवर ठेवली तरी त्यांच्या श्वसनातून निदान सहाशे वॅट उष्णता सतत निघत असते. पिकू लागली की ती कैक पटीनं वाढते. ही उष्णता खोक्याच्या पोटात, फण्यांच्या मधोमध तयार होते. भिंत कितीही जाड असो, तिथली उष्णता बाहेर काढायला वारा खोक्यातून जावाच लागतो. म्हणून फळांच्या गाडीत पंखा हा शीतयंत्राचा जोडभाग ठरत नाही, तोच मुख्य वाहक ठरतो.

प्रत्येक फळाची मागणीही वेगळी. द्राक्षाला शून्य अंशाच्या आसपास राहायचं असतं. टोमॅटोला दहा अंशांच्या खाली नेलं तर तो बिघडतो. केळीला १३ अंशांखालची हवा सोसत नाही: साल राखाडी पडते आणि नंतर रायपनिंग चेंबरमध्ये कितीही ठेवली तरी केळी नीट पिवळी होत नाही. परभणी परिसरात हिवाळ्यातल्या काही रात्री पारा पाच अंशांच्या खाली उतरतो. तेव्हा याच रीफरला केळीसाठी आतली हवा गरम करावी लागते. काम एकच: बाहेर काहीही असो, प्रत्येक खोक्याभोवती ठरलेलं तापमान. त्यातला ‘प्रत्येक’ हा शब्द सर्वांत कठीण.

टेलचा शेतकरी, टेलचं खोकं

परभणी जिल्ह्याला कालव्याचं गणित शिकवावं लागत नाही. पैठणच्या नाथसागरातून निघणारा जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे आणि त्याचं पाणी या जिल्ह्यापर्यंत येतं. मुखाशी पाणी भरपूर, टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, कोरडं, ही तक्रार इथे पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. धरण भरलं म्हणून टेलच्या रानाला पाणी मिळेलच असं नाही. रीफरमध्ये हेच घडतं. शीतयंत्र गाडीच्या पुढच्या भिंतीवर, केबिनच्या मागे असतं. थंड झोत छताला लागून मागच्या दारापर्यंत जायचा, तिथून खाली उतरायचा, खोक्यांच्या मधून आणि खालून पुढे परतायचा आणि पुन्हा यंत्राच्या थंड कॉइलमध्ये शिरायचा, अशी त्याची वाट. दाराजवळची थप्पी म्हणजे टेल. दार उघडलं की ऊन पहिलं तिथेच शिरतं आणि झोत सगळ्यात शेवटी तिथेच पोचतो.

आता हिशेब करून पाहू. आपल्याकडच्या बत्तीस फुटी कंटेनर गाडीचा डबा साधारण पावणेदहा मीटर लांब, २.४ मीटर रुंद आणि तेवढाच उंच धरला तर त्याचं बाहेरचं क्षेत्रफळ सुमारे १०५ चौरस मीटर होतं. पफ पॅनेलच्या जुन्या होत चाललेल्या भिंतीतून दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला अर्धा वॅट उष्णता आत येते असं मानू. बाहेर ४३-४४ अंश, आत साडेतेरा. म्हणजे तीस अंशांचा फरक आणि दीड किलोवॅटच्या थोडी वर उष्णता. त्यात उन्हानं तापलेलं छत, दाराच्या फटी, केळीचं श्वसन आणि पंख्यांची स्वतःची उष्णता मिळवली की आकडा साडेतीन किलोवॅटच्या घरात जातो.

पंखे तासाला ४,००० घनमीटर हवा फिरवत असतील तर ती हवा एक अंश तापताना सुमारे १.४ किलोवॅट उष्णता उचलते. म्हणजे साडेतीन किलोवॅट वाहून न्यायला तिला अडीच अंश तापावं लागेल: साडेतेरा अंशांवर निघालेला वारा सोळाला परत येईल. केळीला हे चालतं. हाच वारा निम्मा झाला, तर तीच उष्णता नेताना तो पाच अंश तापेल आणि साडेअठराला परतेल. मशीन तेवढंच, डिझेल तेवढंच, पण टेलची केळी वाटेतच पिकायला लागली.

मग काय होतं? मागचा माल गरम आहे हे दिसताच कुणीतरी सेट पॉइंट, म्हणजे यंत्रावर लावलेलं तापमान, दहा अंशांवर आणतो. मागचा माल थोडा सुधारतो, पुढच्या थप्पीतली केळी मात्र थंडीनं भाजते. एकाच गाडीत पुढचा माल गारठून आणि मागचा पिकून बिघडतो. दोष यंत्राच्या टनांचा नसतो. कमतरता वाऱ्याची असते.

छताला चिकटणारा झोत

झोत पावणेदहा मीटर लांब कसा जातो, यामागे एक सुंदर तत्त्व आहे. वेगानं निघालेली हवा जवळच्या पृष्ठभागाला चिकटून वाहते. रुमानियाचे अभियंते आंरी कोआंडा (१८८६-१९७२) यांच्या नावानं हा परिणाम ओळखला जातो. छताला लगटून सोडलेला थंड झोत याच बळावर, जड असूनही, लगेच खाली कोसळत नाही. पण झोत जसजसा पुढे जातो तसतसा तो आजूबाजूची हवा ओढून घेत मंदावतो. छतावर आडवी पट्टी असेल, दिव्याची पेटी बाहेर आलेली असेल किंवा खोकी छताला भिडवलेली असतील, तर तो मध्येच सुटतो आणि अर्ध्या वाटेवरून खाली उतरून पुढे परततो. दाराकडचा भाग मग जवळजवळ थिजलेल्या हवेचा उरतो.

फ्रान्समधल्या सेमाग्रेफ या संस्थेत झां मूरे आणि दनी फ्लिक यांनी २००४च्या सुमारास पॅलेटनं भरलेल्या शीतट्रकची लहान प्रतिकृती करून हा वारा मोजला आणि संगणकावर त्याचं गणितही मांडलं. पुढून सोडलेला झोत मध्येच छतापासून सुटतो आणि मागच्या पॅलेटच्या मधल्या फटींत वारा अगदी क्षीण असतो, हे त्यांना दिसलं. छताला नळ्या बसवून हवा मागे नेली की तापमान खूपच एकसारखं होतं, हेही दिसलं. लांब ट्रेलरच्या छताला लटकणारी कापडी किंवा प्लास्टिकची नळी असते, ती याचसाठी. ती फाटली की बरेच मालक कापून टाकतात. खर्च वाचल्यासारखा वाटतो, पण टेलचा गारवा त्या कापलेल्या नळीबरोबर जातो.

परतीची वाटही तितकीच मोलाची. समुद्री रीफर कंटेनरमध्ये वारा उलटा खालून सोडतात: फरशीला इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या पट्ट्या असतात, त्यांच्या पन्हळींतून तो मागे जातो आणि मालातून वर चढतो. वरून वारा सोडणाऱ्या गाडीत त्याच पन्हळी परतीचा रस्ता होतात. आपल्या अनेक गाड्यांची फरशी सपाट असते. तिच्यावर क्रेट थेट ठेवले की खालचा रस्ता बंद. पुढच्या भिंतीशी थप्पी भिडली की कॉइलचं तोंडच बंद. मग पंख्यातून निघालेली थंड हवा जवळच्या फटीतून लगेच पंख्यातच परत शिरते. सेन्सरला वाटतं, सगळं थंड आहे. मशीन बंद होतं. आणि मागे माल तापत राहतो.

जागेची ओढाताण

ज्या माणसामुळे ट्रकवर शीतयंत्र बसलं, त्याला यंत्र आणि माल यांच्यातली जागेची ओढाताण पहिल्यांदा सोडवावी लागली. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातले फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स (१८९३-१९६१) हे फारसं शालेय शिक्षण नसलेले, स्वतः शिकलेले कृष्णवर्णीय यंत्रज्ञ. १९३८च्या सुमारास त्यांनी ट्रकसाठी शीतयंत्र बनवलं आणि उद्योजक जोसेफ न्युमेरो यांच्यासोबत जी कंपनी उभी राहिली ती पुढे थर्मो किंग म्हणून जगभर पसरली. त्याआधी ट्रकमध्ये बर्फ भरत. बर्फ वितळला की संपलं. जोन्स यांचं सुरुवातीचं यंत्र गाडीच्या खाली होतं. तिथे रस्त्याची धूळ-माती त्याला जगू देईना, म्हणून ते पुढच्या भिंतीवर, वर चढलं. रीफरचं नाक आजही तिथेच आहे. १९९१ साली, मृत्यूनंतर तीस वर्षांनी, अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक त्यांना देण्यात आलं.

तेव्हापासून मालकाची एकच मागणी राहिली: यंत्र जागा कमी खाऊ दे. डब्यातला दर घनफूट भाड्याचा असतो. युरोपात शीतवाहनांना भिंतीच्या जाडीसाठी साध्या ट्रकपेक्षा पाच सेंटिमीटर जास्त, म्हणजे २.६० मीटर रुंदीची मुभा द्यावी लागली, इतकी ही ओढाताण खरी आहे. मग कॉइल पातळ होते, पंखे लहान होतात. आणि इथे निसर्ग आपली किंमत वसूल करतो.

तीच ४,००० घनमीटर हवा ०.१ चौरस मीटरच्या तोंडातून काढली तर तिचा वेग सेकंदाला ११ मीटर होतो आणि नुसत्या वेगापोटी सुमारे ७५ पास्कल दाब खर्च होतो. तोंड निम्मं केलं की वेग दुप्पट, पण दाब चौपट: तीनशे पास्कल. पंखा व मोटर मिळून चाळीस टक्के कार्यक्षम असतील तर पहिल्या तोंडाला सुमारे २१० वॅट लागतात, दुसऱ्याला ८४०. हे सगळे वॅट थंड डब्याच्या आतच उष्णता होऊन उतरतात आणि ते बाहेर काढायला शीतयंत्राला आणखी डिझेल जाळावं लागतं. पंख्यावरची उधळपट्टी अशी दोनदा भरावी लागते.

म्हणून लहान जागेत चांगला पंखा बसवणं ही कारागिरी आहे, आणि ती बारीक गोष्टींत असते. हवा पंख्यात शिरताना धारदार कडेवर आपटू नये म्हणून तोंडाला घंटेसारखी गोलाई द्यायची. पात्याचं टोक आणि भोवतालचं कडं यांतली फट कमीत कमी ठेवायची, कारण लहान पंख्याला एक-दोन मिलिमीटरची जादा फटही महाग पडते. हवा त्या फटीतून मागे पळते. पंख्यातून हवा गरगरत बाहेर पडते. पुढे स्थिर पाती बसवून ती सरळ करायची, म्हणजे गरगरण्यात जाणारी ताकद पुढे जाण्यात लागते. तोंड हळूहळू रुंद करत न्यायचं, म्हणजे वेगाचा काही भाग पुन्हा दाब होऊन मिळतो. वेग फारच उतरवूनही चालत नाही, कारण झोत मागच्या दारापर्यंत पोचायचा आहे. वीज वाचवणं आणि लांब पोचणं यांच्यामधला तोल म्हणजेच हे डिझाइन.

पंख्याची जातही निवडावी लागते. सरळ फेकणारा अक्षीय पंखा कमी अडथळ्यात भरपूर हवा देतो. घरातला टेबल फॅन त्याच जातीचा. हवा मध्यातून घेऊन कडेनं फेकणारा केंद्रोत्सारी पंखा अडथळा वाढला तरी टिकून राहतो. रीफरमध्ये अडथळा वाढतोच. फळांतून निघालेली वाफ कॉइलवर बर्फ होऊन बसते, पत्र्यांमधल्या फटी बुजतात. अक्षीय पंखा एका मर्यादेपलीकडे दमतो, पाती फिरत राहतात आणि हवा मात्र एकदम कोसळते. चालकाला आवाज येतो, म्हणून त्याला वाटतं पंखा चालू आहे. म्हणून यंत्र विकत घेताना कोरड्या, स्वच्छ कॉइलवरचा वाऱ्याचा आकडा पुरेसा नाही. अर्धी गोठलेली कॉइल असताना किती वारा उरतो, हा खरा आकडा.

मोटरचं पाऊल मात्र अलीकडे खूप पुढे पडलं आहे. इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं चालणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा वेग हवा तसा कमी-जास्त करता येतो. पंख्याचा नियम असा की वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो, पण लागणारी वीज एक अष्टमांशावर येते. वेग ऐंशी टक्क्यांवर आणला तरी वीज जवळजवळ निम्मी. मे महिन्याच्या दुपारी पूर्ण वेग आणि घाट उतरल्यावर, पहाटे, कमी वेग, अशी चाल ठेवली तर प्रवासाअंती बचत मोठी असते. दिवसभर एकाच वेगानं गरगरणारा पंखा ही आता सक्ती राहिलेली नाही.

गाडीआधीचा गारवा

इतका चांगला पंखा असूनही एक काम रीफरला जमत नाही, आणि नेमकं तेच आपण तिच्याकडून करून घेतो. शेतातून ३५ अंशांची केळी थेट गाडीत भरली जाते. दहा टन केळी ३५वरून १४ अंशांवर आणायला सुमारे १९५ युनिट उष्णता बाहेर काढावी लागते. यंत्राकडे राखणीचं काम करून पाच किलोवॅट शिल्लक असले तरी त्याला ३९ तास लागतील. गंगाखेड परिसरातून निघालेली गाडी तोवर नवी मुंबईत पोचून रिकामीही झालेली असेल. रीफर माल थंड राखते. गरम माल थंड करणं तिचं काम नाही.

हा धडा महाराष्ट्रातल्या द्राक्ष बागायतदारांनी आधीच घेतला आहे. १९९१ साली महाग्रेप्स उभी राहिली आणि तिच्या सहकारी संस्थांनी प्रीकूलिंगचा, म्हणजे गाडीत भरण्याआधीच माल थंड करण्याचा, रस्ता धरला. खोक्यांच्या दोन रांगा लावायच्या, मधल्या बोळावर ताडपत्री ओढायची आणि टोकाला दमदार पंखा लावून हवा खोक्यांच्या भोकांतून ओढायची. द्राक्षं काही तासांत शून्याच्या जवळ येतात. तिथेही वारा आडवाटेनं निसटू न देणं हीच सगळी विद्या. खोक्याच्या बाजूचा साधारण पाच टक्के भाग भोकांचा असावा, हा आडाखा जगभर मानतात, आणि शेजारच्या खोक्यांची भोकं एकमेकांसमोर आली तरच त्याला अर्थ.

देशाचं चित्र मात्र वेगळं आहे. राष्ट्रीय शीतसाखळी विकास केंद्रानं २०१५ साली नाबकॉन्स या सल्लागार कंपनीकडून करून घेतलेल्या अभ्यासात ७०,०८० पॅकहाउसची गरज मांडली होती, प्रत्यक्षात २४९ होती. शीतवाहनं ६१,८२६ हवी होती, दहा हजारांहून कमी होती. शीतगृहांची क्षमता मात्र गरजेच्या बरीच जवळ गेलेली होती. साठवायच्या जागा उभ्या राहिल्या; शेतापासून तिथवरचा आणि तिथून बाजारापर्यंतचा थंड रस्ता राहून गेला. त्याच वर्षी लुधियानाच्या सिफेट संस्थेनं फळं-भाज्यांची काढणीनंतरची हानी पिकानुसार ४.५८ ते १५.८८ टक्के इतकी नोंदवली. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल्वे निघाली तेव्हा वेळेचा प्रश्न काही अंशी सुटला, पण तिचे डबे मुख्यतः साधे पार्सल डबे होते. समृद्धी महामार्ग जून २०२५मध्ये पूर्ण खुला झाला, रस्ता वेगवान झाला. वेगानं तास वाचतात. उरलेल्या तासांतली ऊब वाऱ्यानंच काढावी लागते.

मराठवाड्यासाठी वेगळी गाडी

शीतयंत्रांची बरीचशी रचना थंड हवामानाच्या देशांत, एकाच मालानं पॅलेटवर नीट भरलेल्या ट्रेलरसाठी झाली. आपल्याकडची भरणी वेगळी: हमाल हातानं थप्पी लावतात, अर्ध्या गाडीत केळी, अर्ध्यात भाजी, वाटेत दोन ठिकाणी दार उघडायचं. बाहेर ४४ अंश. कापसाच्या हंगामात हवेत तंतू, साखर कारखान्याच्या हंगामात बगॅसचा भुसा. उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरच्या पंख्यापुढे हे सगळं जाळीसारखं बसतं आणि यंत्राची ताकद घटते. इथली गाडी इथल्या वाऱ्यासाठीच आखायला हवी. जोराचे पण वेग बदलणारे पंखे, मागच्या दारापर्यंत जाणारी धुता येणारी नळी, पुढच्या भिंतीपासून माल दूर ठेवणारा कायमचा जाळीदार आडोसा, फरशीला पन्हळी, छतावर ‘याच्या वर माल नको’ अशी ठळक लाल रेघ आणि हातानं काढून झटकता येणारी कंडेन्सरची जाळी. यातलं काहीही परदेशातून आणावं लागत नाही.

परभणीत १९७२पासून कृषी विद्यापीठ आहे, तिथे कृषी अभियांत्रिकीचं आणि अन्नतंत्रज्ञानाचं महाविद्यालय आहे. जिल्ह्याचं तापमान, जिल्ह्याचं फळ आणि ते शिकणारी मुलं एकाच आवारात आहेत. बत्तीस फुटी डब्यात लोकरीचे धागे टांगून झोत कुठे सुटतो हे पाहायला आणि दहा ठिकाणी तापमान नोंदणारी छोटी यंत्रं ठेवायला मोठं अनुदान लागत नाही. मेमध्ये भरलेल्या गाडीचा असा नकाशा इथे तयार झाला तर तो बांधणी करणाऱ्या प्रत्येक कारखान्याला उपयोगी पडेल. मला वाटतं, मराठवाड्यानं करावं असं हे संशोधन आहे, कारण याहून कठोर परीक्षा फार थोड्या ठिकाणी मिळेल.

आणि शेतकरी गटांनी, शेतकरी कंपन्यांनी शीतवाहनासाठी अनुदानाचा अर्ज भरताना विक्रेत्याला पाच प्रश्न विचारावेत. पंखे तासाला किती घनमीटर हवा देतात, आणि कॉइल अर्धी गोठल्यावर किती? भरलेल्या गाडीत मागच्या दाराजवळ, खालच्या थरात तापमान किती राहतं, आणि ते कागदावर लिहून द्याल का? परतीची वाट कुठून आहे? पंख्याचा वेग बदलतो का? नळी फाटली, पातं मोडलं तर परभणी-नांदेडला मिळेल का? या पाच प्रश्नांची उत्तरं करारात उतरली, तर बांधणारा कारखाना वाऱ्याचा विचार करूनच गाडी बांधेल. यंत्राचे टन मोजून पैसे देणारा ग्राहक आजवर त्याला भेटत आला आहे. मागच्या थप्पीचं तापमान मोजून पैसे देणारा ग्राहक त्याला आता गोदाकाठावर भेटायला हवा.